नावेच्या नाकावरचं कुंकू

(रविवार दुपार. धरणाच्या काठावर दोन जुन्या टायरांवर चढवलेली फायबरची नाव, नाक खाली झुकलेलं. शेजारी नाव चालवणारा लोटन, त्याची बायको शेवंताबाई आणि जळगावच्या टाक्यांच्या कारखान्यातून आलेला कारागीर प्रेमराज.)

लोटन : पन पानी तं मागे साचस ना भाऊ! तू पुढे कसाले हंडा ओतस?

प्रेमराज : इथंच तर चुकलं, आबा. वर्षभर तुम्ही मागेच लिंपत बसलात. डांबर काय, एमसील काय! पाणी शिरतं एकीकडून, दोन थरांच्या मधून वाहतं आणि दिसतं भलतीकडे. आता आत भरलंय, तर बाहेरून कुठे पाझरतं ते बघायचं.

शेवंताबाई : संध्याकाळपर्यंत होईल ना रे बाबा? उद्या सोमवार. माझ्या भावाला पलीकडून आणायचंय.

प्रेमराज : कुठं जायचंय त्यांना?

शेवंताबाई : धुळ्याला, डायलिसिसला. सोमवारी अन् गुरुवारी. या गुरुवारी नाव पाण्यानं भरली म्हणून चुकलं. अभिमनचे पाय असे सुजलेत, चपलेत जात नाहीत.

प्रेमराज : मग गाडीनं न्या.

लोटन : नालावरना पूल वाही गया. फिरीसन चार तास, अन् बठ्ठा खड्डाच. मागे एक डाव नेला, तं रस्तामाच बेशुद्ध पडना.

प्रेमराज : दुसरी नाव?

लोटन : मच्छीमारसना थर्माकोलना तराफा शेतस. त्यावर धडधाकट मानूसले बसता येत नही.

प्रेमराज : थांबा, थांबा. हा बघा थेंब. नाकावर, कुंकवाखाली. अक्का, जरा पुसता का ते?

शेवंताबाई : पुसते. देवा, क्षमा कर हं... घे, झालं.

प्रेमराज : अरे बापरे. चिरांचं जाळंच झालंय! एकाच जागी काहीतरी आपटत आलंय. दगडाला धडकली होती का?

लोटन : हा, हा. दगडच. काठले दगड भलता शेतस.

शेवंताबाई : दगड नाही.

लोटन : तू गप ऱ्हाय ना.

शेवंताबाई : नारळ आहे तो. अभिमनला आणायला नाव सुटायच्या आधी फोडते. आठवड्याला दोन. हे दुसरं वर्ष.

प्रेमराज : फायबरवर, अक्का?

शेवंताबाई : सासऱ्यांची नाव लाकडी होती. तिच्या नाकावर लोखंडी पट्टी. ते तिथंच फोडायचे, मी तसंच चालवलं. एका घावात फुटला नाही तर जिवाला चुटपुट लागते, म्हणून जोर लावून फोडते.

लोटन : लिंपी दे भाऊ. आजच लिंपी दे.

प्रेमराज : धरणार नाही, आबा. आतला फोम स्पंजासारखा भिजलाय. ओल्यावर रेझिन चिकटतच नाही. चिरा घासायच्या, पंधरा दिवस कडक ऊन द्यायचं, मग आतून-बाहेरून फायबरची मॅट रेझिननं बसवायची.

लोटन : एकच खेप. मी उपसत जासु ना पानी!

प्रेमराज : उपसाल, की वल्हवाल? ते बसले की नाक आणखी दबेल. मधोमध भरली तर पोहतील ते?

शेवंताबाई : ज्याला उभं राहवत नाही, तो काय पोहणार.

लोटन : शेवंता, रडू नको. माले तरी कोठे समजनं?

शेवंताबाई : मी कुठं रडतेय. फोन वाजतोय, त्याचाच आहे.

लोटन : माले दे. मी सांगस.

शेवंताबाई : नको. मीच बोलते... हां, बोल भाऊ. हो, कारागीर आलाय. सापडलं, कुठून गळतं ते... नाही रे, उद्या नाही जमायचं. ऊन द्यायचंय नावेला... गुरुवारचं? बघू... नारळ? नाही. उद्या नारळ नाही फोडत... ऐक ना, घसा कोरडा पडला तरी पाणी बेतानं पी, सूज वाढेल. घोट-घोटच घे, हं.