भर सीझनमध्ये रोहनला दिलं

सिडनीतल्या आमच्या पेंडल हिलच्या बेसबॉल टीममध्ये रोहन नावाचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता. हात सोन्याचा, पण कोचशी, अंपायरशी, मॅच बघायला आलेल्या आमच्याशीसुद्धा भांडायचा. शेवटी भर सीझनमध्ये कोचने त्याला दुसऱ्या क्लबला देऊन टाकलं आणि बदल्यात दोन शांत पोरं घेतली.

तिथल्याच हॅरिस पार्कला चहावर माझी आणि माझा मित्र प्रसादची यावरून जुंपली. प्रसाद म्हणाला, "सुटलो बाबा."

मी म्हटलं, "अरे, पण आता जिंकणार कसे?"

तिकडे तो कसा वागतो, हे बघायला शनिवारी आम्ही दोघं त्याच्या मॅचला गेलो. अंपायरने उघड चुकीचा निर्णय दिला, तरी हा गप्प.

मॅचनंतर मी विचारलं, "काय रे, भांडला नाहीस?"

"कोणाशी भांडू? इथे माझं कोणी नाहीये."

प्रसादने त्याची किटबॅग उचलली. म्हणाला, "चल, चहाला."