चिमीचा अंगठा

कल्याणच्या दवाखान्याच्या ओट्यावर तान्ह्याला थोपटत बसलेल्या सगुणेच्या कानी शेजारच्या सासू-सुनेचं बोलणं पडत होतं. दोघींच्या मधे सुनेची सहा वर्षांची लेक चिमी अंगठा चोखत बसली होती.

“काय म्हणाले गं डाक्तर, गोदे?”

“अंगठ्यानंच पुढच्या दातांत फट पडलीय. आत्ताच सुटला तर नवे दात जुळून येतील. मोठेपणी इलाज अवघड.”

“मग कोरफड लाव की!”

“लावली. मिटक्या मारत चाटते.”

“निजताना हात बांध. पोरीचं लग्न तोंडावर आलंय, फट बघून खडवलीकर सोयरीक मोडतील.”

“बांधला होता, आत्याबाई. सारखी मला हाका मारायला लागली. मीच सोडला.”

“का गं बाई?”

“अंगठा तिच्याबरोबर सासरी जाईल. मला कोण पाठवणार?”