डोंगरातली चूल

वाळवंटाकाठच्या कलामा शहराच्या बसस्टँडवर तिकिटाच्या रांगेत रुफिनाच्या पुढे एक मावशी-भाची उभ्या होत्या.

“मावशी, वरच्या खोपीत आता कोण येतंय?”

“कुणी का येईना! निघताना पुढच्यासाठी चूल रचून ठेवायची, ही आपली रीत. मी रचून आले होते. परवा वर जाऊन पाहिलं तर आत राख, वर नवी लाकडं रचलेली.”

“वाळवंट बघायला आलेले टूरिस्ट असतील.”

“टूरिस्ट कसले कपाळाचे! ते नुसतं जाळून जातात. रुसून गेलेला माझा लेक एवारिस्तोच तो.”

“मग इथे भेटायला का नाही आला?”

“मी खाली राहायला आलेय, हे त्याला कुठे ठाऊक? वाट बघून गेला असेल पोर.”

रांग सरकली. रुफिनाने मावशीचं जड गाठोडं पायाने पुढे ढकललं.

“मावशी, दोघींची परतीची काढू ना?”

“तुझं काढ. माझं नुसतं जायचं.”