तक्रारीसाठी तीन दाबा

नवरा: …रवानगीसाठी चार दाबा, मनुष्यबळासाठी पाच दाबा, आणि संचालकांशी बोलायचं असेल तर सहा. मग शेवटी परत एकदा "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." हे जरा हसऱ्या आवाजात म्हण. मागच्या वेळी तू धमकी दिल्यासारखं म्हटलंस.

बायको: अहो, मनुष्यबळ कुठलं? घरात माणसं तीन. त्यातलं एक सत्तरी ओलांडलेलं, आणि एक तुम्ही.

आप्पा: सूनबाई, सत्तरीवाल्याला निदान मोजलंस. चिरंजीवांनी बापाला धरलंय की वगळलंय, कोण जाणे.

नवरा: धरलंय, आप्पा. रवानगी विभाग तुमचाच. तुमचा तो काळा जुना फोन आहे ना, त्याला ही डबी लावली की तोही इंटरनेटवर बोलायला लागतो.

आप्पा: आणि मी काय रवाना करायचं?

नवरा: काही नाही. फोन आलाच तर "गाडी निघाली आहे" म्हणायचं.

आप्पा: एवढंच ना? आयुष्यभर कचेरीत मी दुसरं काय केलं?

बायको: आणि विक्री, हिशेब, मनुष्यबळ, संचालक?

नवरा: ते चारही माझ्या फोनवर. हा बघ, पडद्याचा. चार बटणं, चार दिवे. प्रत्येक विभागाला वेगळ्या आवाजात बोलायचं ठरवलंय मी. हिशेबवाल्याला जरा सर्दी.

बायको: आणि तक्रार?

नवरा: ती तू बघ. स्वयंपाकघरातला बिनतारी फोन तुझा. सध्या तक्रारी येणारच नाहीत, तेव्हा तुला आराम.

बायको: कामच नाही तर तक्रार कसली यायची. अहो, या घरात एकच गोष्ट खरी आहे. उद्या सकाळी बिस्किटवाले फोन करणार. त्यांच्या खोक्यांचं काम मिळालं तर आपलं बस्तान बसेल. नाही मिळालं तर तुम्ही त्या जुन्या खोक्यांच्या कारखान्यात जाऊन मॅनेजरसमोर मान खाली घालणार, आणि तुमच्या मागे मी. राजीनामा दोघांनी दिलाय, विसरू नका.

नवरा: म्हणूनच तर हा सगळा थाट. बिस्किटवाल्यांना वाटलं पाहिजे की फोन एखाद्या उंच इमारतीत वाजतोय.

बायको: वाजणार ओट्याशेजारी, कुकरच्या शिट्टीसकट.

नवरा: ते त्यांना दिसतं का? हीच तर या फोनची खुबी. तो फोनवाला म्हणालाच, साहेब, तुम्ही वाढणार आहात ना, मग वाढल्यावरचंच पॅकेज आत्ता घ्या.

बायको: मी शेजारीच उभी होते. तो "साहेब" म्हणाला आणि तुम्ही तिथल्या तिथे दोन इंच वाढलात. मी तीन गोष्टी सांगितल्या होत्या. एक साधी लाइन, कानाला न टोचणारा एक हेडसेट, आणि वीज गेली तरी राउटर चालू ठेवणारी बॅटरी. तुम्ही आणलंत काय? सहा विभाग, पडद्याचा फोन, आणि हा विमान चालवणाऱ्याचा हेडसेट, जो अजून कशालाच जोडला जात नाही.

नवरा: जोडला जाईल. त्याला जरा वेळ लागतो.

बायको: त्यात बासरी की सतार, यात तुमची एक अख्खी दुपार गेली.

नवरा: ताटकळणाऱ्या माणसाला काय ऐकू येतं, त्यावर कंपनीची इभ्रत ठरते. बॅटरीवर कोणाची इभ्रत ठरल्याचं मी ऐकलेलं नाही.

बायको: इंटरनेटचा फोन वीज गेली की मुका होतो. मुक्या फोनला बासरी काय आणि सतार काय.

आप्पा: इभ्रतीवरून आठवलं. आमच्या मोठ्या साहेबांनी एकदा फोनची वायर लांब करून घेतली. का, तर जेवायला घरी गेलं तरी रिसीव्हर हातात हवा. वायर इतकी लांब, की कचेरीपासून तीन गल्ल्या ओलांडून साहेबांच्या पाटापर्यंत. मधल्या बायकांनी काय करावं? तिच्यावर कपडे वाळत घातले. साहेब गोड बोलले की कपडे ओलेच. साहेब ज्या दिवशी चिडायचे, त्या दिवशी चादरीसुद्धा झटकन वाळायच्या. पुढेपुढे तर बायका मुद्दाम चुकीचे नंबर लावून त्यांना चिडवायच्या.

नवरा: आप्पा, उद्या हे फोनवर नको. उद्या फक्त गाडी निघाली आहे.

बायको: आणि दारावरच्या पाटीचं काय ठरलं?

नवरा: पाटी लागली की काल. पितळी आहे. बघितली नाहीस?

बायको: बघितली. वर ठळक अक्षरांत तुमचं नाव, खाली बारीक अक्षरांत "आणि कंपनी". त्या कारखान्यात तुम्ही खोकी विकत होता आणि मी ती यंत्रात घालून दाबून बघत होते, कुठे फाटतात, कुठे बसतात. धंदा दोघांचा म्हणून बाहेर पडलो. मग पाटीवर माझं नाव कुठे?

नवरा: अगं, नवरा-बायकोची नावं टाकली की घरगुती वाटतं. पापडाचा धंदा असल्यासारखं. जरा मोठे होऊ, मग बघू.

बायको: सहाही विभागांच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज माझा, आणि पाटीवर मी बारीक अक्षरांत.

नवरा: तू उगाच मनाला लावून घेतेस. उद्याचं ध्यानात ठेव. बिस्किटवाल्यांनी एक दाबलं की मी लगेच उचलणार नाही. जरा बासरी ऐकू दे. समोरचा ताटकळला की आपली किंमत वाढते.

बायको: हेही फोनवाल्यानेच सांगितलं?

नवरा: हे मला आतून सुचलं.

(दुसऱ्या दिवशी दुपारी. तेच घर, जेवणाचं टेबल. पडद्याच्या फोनचे चारही दिवे बंद.)

नवरा: संपलं. गेली ऑर्डर. बासरी सुरू होती, मी मनातल्या मनात दहा मोजत होतो, आणि सातावर वीज गेली. दिवे गेले, पडदा गेला, बिस्किटवाले गेले. एवढा वेळ खाली जाऊन वीजवाल्यांच्या मागे लागलो होतो. आता दिवे आले, पण हा काही उठत नाही. हरामखोर अजून "सुरू होत आहे" म्हणतोय.

आप्पा: अरे, बिस्किटवाले कुठे गेले? ते माझ्याकडे आले की.

नवरा: तुमच्याकडे? वीज नव्हती, आप्पा.

बायको: वीज नव्हती, बॅटरी होती. काल संध्याकाळी मी आणली. तिला भोकं तीनच. एकात राउटर लावला, एकात आप्पांची डबी, एकात माझा फोन. तुमच्यासाठी जागा उरली नाही.

नवरा: मला सांगायचं तरी.

बायको: सांगणार होते. तुम्ही हिशेबवाल्याच्या सर्दीचा सराव करत होतात.

नवरा: आप्पा, खरं सांगा. तुम्ही काय बोललात त्यांच्याशी?

आप्पा: नेमून दिलंस तेच. गाडी निघाली आहे म्हटलं. ते म्हणाले, अहो, मी अजून काही मागवलेलंच नाही. मी म्हटलं, मग गाडी वेळेच्या आधी निघाली, असा कारभार दुसरीकडे बघितलाय का?

नवरा: झालं. धुळीला मिळवलंत.

आप्पा: ऐक तर. माणूस वैतागलेला होता. म्हणाला, विक्रीत बासरी, मग विक्री बंद. हिशेबाचं बटण दाबलं, तेही बंद. आणि तुमच्या कंपनीत सगळ्या बायकांचा आवाज एकच कसा? मी म्हटलं, सख्ख्या बहिणी आहेत हो. एका आईच्या सहा मुली, सहाही इथेच कामाला. सर्दी झाली तर सहाजणींना एकदम होते, त्या दिवशी कंपनी बंद ठेवावी लागते.

नवरा: आणि त्यांना हे खरं वाटलं?

आप्पा: वाटलं की नाही कोण जाणे, पण माणूस हसायला लागला. मग मी त्यांना वायरची गोष्ट सांगितली. चादरींपर्यंत आलो तेव्हा ते म्हणाले, आजोबा, तुम्ही छान आहात, पण माझी बिस्किटं तुटतायत, त्याचं कोण बघतं? मी म्हटलं, तक्रारीसाठी तीन दाबा.

नवरा: म्हणजे तुझ्याकडे.

बायको: पहिल्या घंटेला उचलला. मला किंमत वाढवायची नव्हती.

नवरा: काय म्हणाले?

बायको: तक्रार सांगितली. आत्ताचा खोकीवाला चांगला जाड पुठ्ठा देतो, तरी बिस्किटांचा चुरा होतो. मी विचारलं, चुरा वरच्या खोक्यात होतो की तळाच्या? ते म्हणाले, तळाच्या. मी म्हटलं, एक रिकामं खोकं समोर घ्या, कड जरा फाडा, आणि पुठ्ठ्याच्या आतली नागमोडी पन्हाळी बघा, उभी आहे की आडवी. गेले, खोकं घेऊन आले, फाडलं. फोनमधून फाडल्याचा आवाज आला. म्हणाले, आडवी आहे.

नवरा: आडवी? वजन पेलायला उभीच हवी.

बायको: तेच सांगितलं. आडवी असली की वरचा भार सगळा बिस्किटांवर. पुठ्ठा आणखी जाड करू नका म्हटलं, फक्त फिरवून घ्या. मग म्हणाले, गेलं वर्षभर मी हे कोणालातरी विचारतोय, आणि प्रत्येक जण मला आणखी जाड पुठ्ठा विकतोय.

नवरा: आणि ऑर्डर?

बायको: दिली.

नवरा: काय?

बायको: आधी नमुन्याची. खोकी कसोटीला उतरली की सगळ्या कारखान्याची. एक अट मात्र घातली. बोलणं तक्रार विभागाशीच होणार. विक्रीवाल्यांना मध्ये आणू नका म्हणाले, त्यांच्याकडे वाद्यवृंद आहे.

आप्पा: आता बोला, साहेब.

नवरा: चालेल की. अट मान्य. शेवटी घरातच आलं. छान झालं. मग कागदपत्रं कधी पाठवतायत?

बायको: पाठवणार नाहीत. परवा स्वतः येणार आहेत. सहा बहिणींना भेटायचंय म्हणाले.

नवरा: परवा? इथे? आप्पा, आता सहा बहिणी कुठून आणायच्या?

आप्पा: खालच्या मजल्यावरच्या दोघी दिसायला जरा सारख्या आहेत.

नवरा: चार तरी हव्यात. एक बाळंतपणाला गेली म्हणता येईल. तुझी मावसबहीण येईल का अर्ध्या दिवसासाठी? आणि हे टेबल आतल्या खोलीत हलवू, पडदा लावू…

बायको: कोणाला आणू नका. मी त्यांना खरं सांगून टाकलंय. विभाग सहा, बाई एक, घर दोन खोल्यांचं, आणि आजोबा म्हणजे माझे सासरे.

नवरा: तू सांगून टाकलंस? मग तरी येतायत?

बायको: म्हणूनच येतायत. म्हणाले, मीही भट्टी लावली तेव्हा घरातच लावली होती, आणि गिऱ्हाइकांना कारखाना सांगत होतो. मग विचारलं, बाई, करारावर नाव कोणाचं घालू? फोनवर तुमचं काम बघितलं, नाव मात्र कुठे ऐकलं नाही.

नवरा: मग? तू काय सांगितलंस?

बायको: म्हटलं, कृपया थांबा. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

नवरा: थट्टा करू नकोस. इथे माझा जीव टांगणीला लागलाय.

बायको: थट्टा कसली? संध्याकाळी कळवते म्हटलंय. तोवर ते थांबलेत, मीही थांबलेय. तसं मला थांबायची सवय आहे. तुम्ही म्हणालातच की, जरा मोठे होऊ, मग बघू.

नवरा: हे बघ, पाटी परवाच लागलीय. पितळी आहे. आता उतरवायची म्हणजे… लोक काय म्हणतील?

बायको: लोकांनी दाबण्यासाठी कुठलं बटण ठेवलंय का?

आप्पा: आमच्या कचेरीत फोन जोडून देणारी एक बाई होती. काय तिचं बोलणं. लोक तिलाच अडचण सांगायचे, तीच मार्ग काढायची, साहेबांपर्यंत फोन पोचायचाच नाही. पुढे साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभ करायचा राहून गेला, कारण ते गेल्याचं कोणाच्या लक्षातच आलं नाही. अजूनही त्या कचेरीत… अरे, हा उठून कुठे चालला?

बायको: जाऊ द्या. रुसले की ते चार विभागांत रुसतात.

आप्पा: जास्त बोललो का मी?

बायको: नाही. मीच बोलले असेन. पण एवढं बोलायला मला आधी कोणीतरी तक्रार विभागात बसवावं लागलं.

आप्पा: दाराशी काहीतरी खुडबुड चाललीय. आणि सूनबाई, तुझा फोन वाजतोय.

बायको: नमस्कार, तक्रार विभाग.

नवरा: नमस्कार. तो हेडसेट मोबाइलला जोडला गेला एकदाचा.

बायको: अभिनंदन. आपली तक्रार सांगा.

नवरा: मी बाहेर दारात स्टुलावर उभा आहे. पाटीचे तीन स्क्रू निघाले, चौथा निघत नाही. एक हात पाटीला, एक हात पेचकसाला. ती पडली तर वाकेल, आणि मागच्या कोऱ्या बाजूवर दोन नावं नीट बसायची नाहीत.

बायको: दोन?

नवरा: एका मापाची. मी बोटांनी मोजून बघितलं, बसतात.

बायको: फोन ठेवू नका. माणूस पाठवते.

नवरा: लवकर पाठवा हो. बासरी लावू नका.

बायको: नाही लावत. मीच येते.