दिपालीचा दहावा

न्हाई साहेब, खुर्ची नगं, हितं खालीच बरी हाय मी — आन त्यो कागूद आदी बाजूला सारा. मी तक्रार द्याया आले न्हाई. तुमचा पोलीस गावात आला, 'केशरबाई कोन' म्हनून इचारत दारात हुबा ऱ्हायला, म्हनून आले. काय बोलायचं ते तोंडी बोलू. लिवू नका.

समजलं की मला, दोनदा सांगितलं तुमी. माझी दिपाली हितं नगरला कंप्युटरच्या दुकानात कामाला हुती, तिथंच तिनं त्या इंटरनेटावर आपलं टपालाचं खातं काढलं. आन आता त्याच खात्यातनं प्रज्ञाला — तिच्या जोडीनं काम करनारी पोरगी ती — टपाल आलं. 'मला विकलंय, आईला सांग.' एवढंच. ते कुठल्या शहरातनं धाडलं हे त्या अमेरिकेतल्या कंपनीला म्हाईत. पन तुमी इचारल्याबिगर ती सांगनार न्हाई, आन गुन्हा नोंदल्याबिगर तुमाला इचारता येनार न्हाई. आन लई दिस गेले तर ती समदं पुसून टाकती. व्हय ना? बगा, अंगठेबहाद्दर हाय मी, पन ध्यानात ऱ्हातंय माझ्या.

मंग तसंच इचारा की. बिगरनावाचं. आमच्या ऊसतोडीच्या टोळीचा कारभारी मुकादम, त्यानं निस्ता निरोप धाडला तरी साखर कारखान्याचा ट्रक दारात येतो — आन तुमी फौजदार, तुमाला एक कंपनी दार उघडीना?

आईची माया न्हाई का म्हनता. हाय वो. नऊ म्हैने काय दगूड वागवला का पोटात? पन तक्रार दिली की ती जिती हाय असं हुतं ना साहेब, आन आमी तर —

जाऊ द्या. पानी हाय का थोडं?

आमी तर तिचा दहावा घातलाय. आता काय लपवायचं. दिवाळीनंतर आमी काष्टीकडं तोडीला गेल्तो, आन तिथंच कोप्यावर, आमच्या पाचटाच्या झोपड्यावर, सांगावा आला, की एक बाई मुंबईत नोकरी लावते म्हनली आन दिपाली तिच्यासंगं गेली. दुकानवाल्याला वाटलं घरी सांगून गेली आसंल. तिचा बाप, सहादेव, मुंबई धुंडून आला, हात हालवीत. आन लोकांची तोंडं सुरू झाली — कुनासंगं गेली, कवा गेली. मंग ह्यांनीच काढलं ते, पोरगी मेली म्हनून सांगायचं. टोळीत आमच्या गावचं दुसरं कोन न्हाई. टोळीत सांगितलं, गावाकडं काविळीनं गेली. गावाकडं सांगितलं, तोडीवर गेली, तिथंच अग्नी दिला. आमचं आर्धं वरीस गावात आन आर्धं तोडीवर — कोन कुनाला इचारतंय?

वढ्याकाठी पिंड ठेवला, सारी भावकी उनात बसलेली. कावळा येईना. येतोय, बाभळीवर बसतोय, शिवंना. ह्यांनी हात जोडून धाकटीचं लगीन करतो म्हनून सांगितलं, मी काय काय कबूल केलं — शिवंना. शिवंल कसा, साहेब? जित्या लेकीचा घास त्यो. शेवटी दर्भाचा कावळा केला आन उठलो. मी तवाच वळाखलं पोरगी जिती हाय. ह्यांना बोलले न्हाई.

आन मंग ही प्रज्ञा आली. पाथर्डीवरनं जिपात बसून, उनाची, ते टपाल सांगाया. वट्यावर मुक्ताच्या सासरची मान्सं बसलेली, सुपारी फुटत हुती. मुक्ता म्हंजे धाकटी. पोरगं कल्याण नावाचं, सुप्याला कंपनीत हाय, कोयता न्हाई त्याच्या हातात — असं स्थळ आमच्यात कुनाला गावतंय? प्रज्ञाला मी गोठ्यामागं नेलं. घोटभर पानी बी इचारलं न्हाई तिला. ती रडाया लागली तर तोंड दाबलं तिचं.

काय सांगितलं तिला मी? काय सांगनार, जा म्हनलं.

ती काय बोलली तुमाला? समदं बोलली?

मंग तसंच हाय. मीच तिला दिपालीला उलट टपाल लिवाया लावलं. 'आत्ता काय हालचाल करू नको, मुक्ताचं लगीन होऊस्तवर गप ऱ्हा.' एवढंच की. येऊच नको असं म्हनले न्हाई मी, लगीन होऊस्तवर म्हनले. पोरगी नगं नगं म्हनत हुती, मी तिला शप्पत घातली. तिनं धाडलं. आन तवापास्नं — तवापास्नं दिपालीचं एक अक्षर न्हाई. प्रज्ञा रोज उघडून बगती म्हनं. काय नस्तं.

असं बगू नका माझ्याकडं. तुमाला लेकी हायत का? एकच हाय? मंग तुमाला न्हाई कळायचं. दोन आसल्या की एकीला हात देताना दुसरीचा सुटतो. ती गेलेली हाय, ही आजून घरात हाय. परवा हळद हाय तिची.

लगनानंतर येते की मी. येईन. तवर कंपनी ठेवंल का ते? थोडं सांगून बगा त्यांना. आन ठेवलं तरी मुक्ता नांदायला लागलेली आसंल, मंग तिच्या सासऱ्याच्या कानावर —

न्हाई. नगंच.

काय, जबाब लागतोय? बोलावलं म्हंजे लिवावंच लागतंय? बरं. लिवा मंग. केशरबाई सहादेव, ऱ्हानार पाथर्डी तालुका. मला दोन लेकी. थोरली दिपाली, काविळीनं मयत झाली. माझी कुनाबद्दल तक्रार न्हाई.

वाचून नका दाखवू. अंगठा कुठं लावायचा तेवढं सांगा, यष्टी जाईल माझी.