कोंबडीच्या पंखाखालची टर्की

माझं माहेर मनमाडकडचं, वडील रेल्वेत गँगमन होते, आणि लग्न होऊन मी इकडं सिन्नरजवळ आले तवा सासूनं पयल्याच दिवशी खुराडं दाखवलं, म्हणली हे आता तुझं. तवापासून कोंबड्या हायेत, काय सांगू ताई, अंगणात कोंबडी नाय असा दिवस मला आठवत नाय. मालक गेले तरी कोंबड्या होत्याच.

एकच लेक मला, सोमनाथ. सिन्नरला कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता, तिथं उजव्या हाताची बोटं गेली. घरी आला नि बोलायचाच बंद झाला. जेवायला वाढलं तर जेवायचा, नायतर भिंतीकडं बघत बसायचा, मी म्हणायची अरे भांड तरी माझ्याशी, तर नाय.

मग एक दिवस खोक्यात टर्कीची पिल्लं घेऊन आला. मी म्हणलं हे काय रे गिधाडावानी, तर हसला! लय दिवसांनी हसला बघा. पिल्लं थंडीनं कुडकुडत होती, माझी काळी कोंबडी खुडूक बसलेली, त्यानं डाव्या हातानं एकेक पिल्लू तिच्या पोटाखाली सारलं आणि तिनं घेतली की पंखाखाली! पिल्लं सगळ्या अंगणात कोंबडीमागं हिंडायची. मोठी झाली तशी सोमनाथच्या मागं. तो शिट्टी वाजवायचा, नर पिसारा फुलवून आवाज काढायचा, आणि ह्यो माझ्याशी बोलायला लागला, आई हे बघ, आई ते बघ.

पावसाळ्यात एक टर्की पंख सोडून कोपऱ्यात उभी राहिली. हगवण कशी, तर गंधकासारखी पिवळी. दुसऱ्या दिवशी मेली. मग दुसरी. कोंबड्या मात्र तिथंच उकरत, टुणटुणीत. सोमनाथनं मेलेली टर्की पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेली, मी बी गेले. डॉक्टरनं फाडून दाखवली. काळजावर गोल गोल डाग, आणि आतड्याच्या पिशवीत दोऱ्यासारखे बारीक जंत. ते म्हणले मावशी, हे जंत तुमच्या कोंबड्यांचे, आणि जंताच्या अंड्यात आणखी एक जीव लपलेला असतो, डोळ्याला दिसत नाय एवढा. कोंबडी तो पोटात घेऊन हिंडते, तिला सहसा काय होत नाय. टर्कीच्या पोटात गेला की काळीज खातो.

मी म्हणलं मग औषध द्या. म्हणले जंताचं देतो, पण आत शिरलेल्या जिवावर आज माझ्याकडं काय नाय. आणि ती अंडी मातीत वर्सानुवर्सं राहतात, तिथं परत टर्की ठेवू नका.

सोमनाथ एवढंच म्हणला, मीच तर तिच्या पंखाखाली घातली.

उरलेल्या वेगळ्या बांधल्या, तरी गेल्या. शेवटचा नर त्याच्या मांडीवर गेला. मी सुरी काढली, म्हणलं ह्या कोंबड्या सगळ्या कापते, तर माझा हात धरला, म्हणला आई, त्यांना काय म्हाईत?

आता सोमनाथ तिकडं नाशिकजवळ एकलहऱ्याला गेटवर वॉचमन हाय, तिथंच खोली घेऊन राहतो. आयतवारी फोन येतो. जेवली का विचारतो, मग विचारतो कोंबड्या बऱ्या हायेत का. मी म्हणते हायेत रे, बऱ्या हायेत. मग तो बी गप, मी बी गप. फोन चालूच असतो. देवा, माझ्या लेकाला तिथं कुणीतरी बोलायला मिळू दे, मला दुसरं काय मागता येत नाय.