भाच्याची एकची झोप

तुम्हीच सांगा, कॉलेज सोडलं म्हणजे माणसाची अक्कलही जाते का? ताई सोमवारपासून ड्युटीवर जाणार, म्हणून आठ दिवस खपून मी भाच्याला वळण लावलं. आंघोळ, भाताची पेज, पडदे ओढलेली खोली, कूलर, आणि एक वाजता झोप. शनिवारी बडनेऱ्याहून मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि मोठी आई आमच्याकडे अकोल्याला आले, तेव्हा लेकराचा नुकताच डोळा लागला होता.

"उठव त्याले. लेकराशी न बोलता जाऊ काय आमी?"

"मोठे बाबा, तासभर थांबा न. लय मुश्किलीनं सवय लागली त्याले."

"कालेजात टिकला नाई, अन् मले शिकवून राहिला! चार लेकरं वाढवली मी."

वयाचा मान ठेवून मी दारातून बाजूला झालो, तीच चूक. त्यांनी गाल ओढून त्याला उठवलंच. पोरानं रडून घर डोक्यावर घेतलं. "लय किरकिरं आहे बा," म्हणत त्यांनी ते माझ्या हातात कोंबलं, त्याच कूलरपुढे आडवे झाले आणि घोरायला लागले.

मी त्यांची उशी ओढणार, तेवढ्यात मोठ्या आईनं भाच्याला खांद्यावर घेतलं.

"राहू दे बाबू," ती म्हणाली. "चारही लेकरं अशीच वाढवली यायनं."